टिपकागदावरचा थेंब

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वार्ताहर म्हणून मला जेवढी माणसे भेटली, त्यांत माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गाडीच्या ऑइलकडे बघून त्याचा स्वभाव सांगणारे गृहस्थ एकच होते, आणि त्यांचे निदान चुकल्याचे एकही उदाहरण माझ्या माहितीत नाही. मंचरमध्ये पुणे-नाशिक रस्त्याला लागून त्यांचे दुकान होते. सगळे त्यांना ऑइलवाले शेठ म्हणत. मीही तेच म्हणत असे आणि इथेही तेच म्हणणार आहे. त्यांचे पूर्वज मारवाडातून आलेले. आजोबांनी गोडेतेल विकले, वडिलांनी रॉकेल आणि शेठनी इंजिन ऑइल. "तीन पिढ्यांत आमी चुलीपासनं इंजिनापर्यंत आलो," असे ते सांगत, "तेल काय सुटलं नाही." अंगात पांढरा सदरा, खाली पांढरे धोतर. दुकानात डबे, नरसाळी, पिंपे, जळक्या ऑइलची बादली आणि रस्त्यावरून येणारी धूळ. या सगळ्यात दिवसभर वावरून त्या धोतरावर डाग पडलेला कोणी पाहिला नव्हता. घोडेगावच्या एका ट्रकवाल्याने तशी पैज लावली होती. तो चार दिवस मुद्दाम दुकानासमोर चहा पीत बसला आणि पाचव्या दिवशी पैज सोडून गेला.

माझी त्यांची ओळख नव्वदीच्या मध्यावर झाली. पुण्याच्या एका दैनिकाने मला नारायणगावला नेमले होते आणि राजुरीपासून शिनोलीपर्यंतच्या बातम्या एका जुन्या मोटारसायकलवर गोळा करणे हे माझे काम होते. मंचरला एकदा गाडी धूर ओकू लागली, म्हणून मी त्यांच्या दुकानासमोर थांबलो आणि एक लिटर ऑइल मागितले. शेठनी ऑइल दिले नाही. ते उठले, गाडीतली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि तिच्या टोकाचा एक थेंब टिपकागदावर टेकवला. मग ते दहा मिनिटे त्या थेंबाकडे बघत बसले. थेंब पसरला. मध्ये काळा ठिपका, भोवती करडे वर्तुळ, कडेला पिवळसर रेघ. "सकाळी किक मारली की लगेच पळवता," ते म्हणाले. "इंजिनाला दोन मिनिटं पण देत नाही. घाईत असता. बातमी काय कुठं पळून जाते का?" मग कडेच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "आणि मागल्या खेपेला ऑइल कुणीतरी उघड्या डब्यातनं टाकलंय. ह्यात माती हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तो टिपकागद त्यांनी वाळवला, त्यावर तारीख आणि 'पेपरवाले' असे लिहिले आणि एका जाड वहीत ठेवून दिला. त्या वहीत पंचक्रोशीतल्या गाड्यांचे असे शेकडो थेंब होते. लोक तिला कुंडल्यांची वही म्हणत. मला एका शब्दानेही न विचारता त्यांनी मलाही त्या वहीत दाखल केले.

शेठ जैन होते आणि धर्म पाळण्यात त्यांनी माणूस आणि इंजिन असा भेद केला नव्हता. घरात पाणी गाळून, उकळून पीत. दुकानात ऑइल नरसाळ्याला पांढरे पातळ फडके बांधून ओतत. सीलबंद डब्यातलेही गाळून देत. कंपनीच्या माणसाने एकदा सांगितले, "शेठ, हे फॅक्टरीत गाळूनच भरलेलं असतं." शेठनी विचारले, "बघितलंय का ऐकलंय?" तो माणूस विक्री खात्यातला होता, त्याने कारखाना पाहिलेला नव्हता. शेठनी फडके बांधले. सूर्यास्तानंतर ते स्वतः अन्नपाणी घेत नसत आणि इंजिनालाही घेऊ देत नसत. दिवे लागले की ऑइल बदलणे बंद. अंधारात कचरा पडला तर दिसत नाही, पट्टीवरची खूण नीट वाचता येत नाही, असे त्यांचे कारण होते आणि ते खोडून काढणे अवघड होते. त्यामुळे संध्याकाळी दुकानासमोर वेगळेच दृश्य दिसे. जीपवाले गडबडीने येत आणि डोंगराकडे बोट दाखवून हुज्जत घालत, "शेठ, अजून दिस हाय, बघा की राव!" शेठ दुकानाबाहेर येऊन पश्चिमेकडे बघत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि सांगत, "निम्मं भरंल एवढाच हाय. सकाळी या."

"बघितलंय का ऐकलंय?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कोणी म्हणाले की अमुक गावात बिबट्या आला, कोणी म्हणाले की अमक्याच्या मुलाचे लग्न ठरले, कोणी म्हणाले की गाडी चढाला दम टाकते, की शेठ विचारत. ऐकले असेल तर त्यांच्या लेखी ती गोष्ट अजून घडलेली नसे. संपादकांनी मला पत्रकारिता शिकवली असे मी पुढे अनेक सभांत सांगितले आहे. ते खरे आहे. पण संपादक महिन्यातून एकदा भेटत आणि शेठ आठवड्यातून दोनदा.

नव्वदीच्या अखेरीस सिंथेटिक ऑइल आमच्या भागात आले. चकचकीत डबे, किंमत साध्या ऑइलच्या कितीतरी पट, आणि ओतून पाहिले तर पाण्यासारखे पातळ. शेतकऱ्याचा पातळ वस्तूवर मुळात विश्वास नसतो. दूध पातळ असले तर पाणी घातलेले, वरण पातळ असले तर पाहुणे जास्त झालेले. "एवढं पैसं घालून पाणी भरायचं व्हय?" असे लोक विचारू लागले. शेठनी आधी महिनाभर स्वतः अभ्यास केला. जानेवारीत जुन्नरच्या बाजूला थंडी कडक असते. त्यांनी काचेचा एक तुकडा रात्रभर अंगणात ठेवला, सोबत दोन वाट्यांत दोन ऑइले. सकाळी काच तिरकी धरून वरच्या कडेला दोन्हींचा एकेक थेंब ठेवला. सिंथेटिकचा थेंब सरळ खाली गेला. साध्या ऑइलचा थेंब, शेठच्याच शब्दांत, "पोट सुटलेल्या पावण्यासारखा जागचा हलंना." यावरून त्यांनी सांगितले की थंड इंजिन चालू होताना पहिले काही क्षण कोरडे घासते, आणि त्या वेळी जे ऑइल आधी पोचते ते चांगले. उलट, इंजिन तापल्यावर साधे ऑइल जास्त पातळ होते, लवकर जळते. सिंथेटिक त्या मानाने टिकून राहते. हे असे का, हे समजावताना ते नारायणगावचा बाजार मदतीला घेत. "साधं ऑइल जमिनीतनं काढून साफ करत्यात. ते म्हंजे शेतातनं आलेला टोमॅटो. मोठा, बारका, दबका, सगळा एकाच पाटीत. चालतो. भाजी व्हती. सिंथेटिक म्हंजे ग्रेडिंग केलेलं क्रेट. सगळा दाणा एकसारखा. एकसारखा दाणा एकमेकावरनं नीट सरकतो." पुढे मी या विषयावर बरेच वाचले, तज्ज्ञांशीही बोललो. टोमॅटोच्या पुढे कोणी मला फारसे काही सांगू शकले नाही.

पण एवढा अभ्यास करून शेठ सिंथेटिक विकत नसत, म्हणजे मागेल त्याला विकत नसत. राजुरीच्या एका डॉक्टरांनी नवी मोटार घेतली तेव्हा त्यांना शेठनी आपणहून सिंथेटिक दिले आणि दर खेपेला तेच वापरा असे बजावले. त्याच आठवड्यात निमगाव सावाचे एक बागायतदार आले. त्यांना विहिरीवरच्या डिझेल इंजिनासाठी सिंथेटिक हवे होते, कारण भावकीतल्या एकाने मोटारीत टाकले होते. शेठ म्हणाले, "पाटील, इंजिन जागेवरनं हलत नाही. त्याला कुठं वरातीत न्यायचंय का?" पाटील हट्टाला पेटले. शेठनी डबा उचलून मागच्या फळीवर ठेवला आणि साध्या ऑइलचा डबा पुढे सरकवला. विकायला बसलेल्या माणसाने महाग माल लपवून स्वस्त माल पुढे करावा, हे पाटलांनी पुढे गावात बरेच दिवस सांगितले. लोकांनी त्यांना विचारले, "बघितलंय का ऐकलंय?"

जुन्या गाडीबाबत तर शेठ फारच कडक होते. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचे किटण साचलेले असते. सांध्यातून ऑइल गळू न देणारे रबरी सील झिजलेले असते, पण ते किटणच बुचासारखे तिथे बसलेले असते, म्हणून ऑइल गळत नाही. सिंथेटिकने किटण सुटते, बूच निघते आणि म्हातारे सील उघडे पडते. "ऑइल चांगलंच हाय," ते सांगत, "सून चांगली म्हणून सासूच्या खोलीतलं सगळं सामान एका दिवसात हलवायचं नसतं." जुन्या गाडीला सिंथेटिक टाकायचेच असेल तर आधी सील बदला, आणि महिनाभर रोज पट्टी बघा, असा त्यांचा नियम होता.

हे सगळे मला ठाऊक होते. म्हणून पुढे जे झाले त्यात माझी बाजू लंगडी आहे.

त्या वर्षी श्रावणात एका ऑइल कंपनीने मंचरच्या मंगल कार्यालयात वाहनमालकांचा मेळावा घेतला. प्रतिनिधी टाय लावून आला होता. त्याने पडद्यावर चित्रे दाखवली आणि शेवटी म्हणाला, "एकदा भरा आणि विसरा." टाळ्या पडल्या. जेवण चांगले होते. मला त्या दिवशी आणखी दोन बातम्या पाठवायच्या होत्या. मी चौदा ओळींची बातमी केली आणि त्या वाक्याचा मथळा केला. वाक्य प्रतिनिधीचे होते. मथळ्यात ते पेपरचे झाले. जुन्या गाडीचा, सीलचा, पट्टीचा उल्लेख बातमीत नव्हता, कारण प्रतिनिधीने तो केला नव्हता, आणि मी विचारले नव्हते. बातमीवर नाव नव्हते. फक्त 'वार्ताहराकडून' असे होते.

शिनोलीला नामदेव नावाचा एक जीपवाला होता. घोडेगाव ते भीमाशंकर आणि गरज पडेल तशी मंचरपर्यंत, अशी त्याची जीप चाले. जीप वयाने त्याच्यापेक्षा थोडीच लहान असावी. ऑइल कमी झाल्याचे सांगणारा दिवा केव्हाच गेलेला, त्यामुळे शेठनी त्याला रोज सकाळी पट्टी ओढून बघायची सवय लावली होती, आणि तो देवाला हात जोडल्यासारखा ते करत असे. त्याच्या घराचे श्रावण ते दसरा सगळे त्या जीपवर चालायचे. शेत नावाला होते. त्याने माझी बातमी वाचली, कापून खिशात ठेवली आणि शेवटच्या श्रावणी सोमवारच्या दोन दिवस आधी, जीपमध्ये माणसे भरलेली असताना, मंचरला शेठच्या दुकानासमोर ब्रेक दाबला.

ते पर्युषणाचे दिवस होते. त्या आठ दिवसांत शेठ सकाळी प्रवचन ऐकून दुकानात येत, पण दुपारी बारापर्यंत मौन पाळत. नेहमीचे गिऱ्हाईक हवे ते स्वतः उचलून घेई आणि शेठ मान हलवत. अडचण आली तर जवळ एक पाटी-पेन्सिल असे. पुढची हकिकत मी दोघांच्याही तोंडून स्वतंत्रपणे ऐकली आणि ती तंतोतंत जुळली. नामदेवने कात्रण दाखवले आणि मागच्या फळीवरचा सिंथेटिकचा डबा खाली घेतला. शेठनी जोरात मान हलवली. पाटीवर लिहिले, 'थांबा.' नामदेव म्हणाला, "थांबून कसं भागंल शेठ, पब्लिक बसलंय गाडीत. बारापर्यंत उतरून जाईल समदं." शेठनी पाटी पुसली आणि खाली लिहायला घेतले. त्यांचे अक्षर फार सुंदर होते आणि ते कधी बिघडवत नसत. 'जुन्या गाडीला नको, सील' इथपर्यंत आले तोवर जीप सुरू झाली होती. शेठ पाटी घेऊन रस्त्यावर धावले. आयुष्यात त्यांना धावताना मंचरने तेव्हाच पाहिले. नामदेवला ते आरशात दिसले. "मला वाटलं, पर्युषणाचं कायतरी असंल," तो मला म्हणाला. "म्या हात जोडला आन् गेअर टाकला."

शेठच्या घशापर्यंत शब्द आला होता. बाराला दीड तास होता. त्यांनी शब्द गिळला.

नामदेवने त्याच दिवशी, तेही दिवे लागल्यावर, घोडेगावात जुने ऑइल सोडून नवे भरले. रविवारी दोन खेपा, सोमवारी पहाटेपासून चार. पट्टी त्याने बघितली नाही. सोमवारी दुपारी, डिंभ्याच्या पुढे चढ लागतो तिथे, माणसांनी भरलेली जीप एकदम कण्हली आणि थांबली, ती थांबलीच. इंजिन बसले होते. खाली रस्त्यावर मागे दूरपर्यंत ऑइलची रेघ पावसाच्या पाण्यात इंद्रधनुष्यासारखी चमकत होती, असे उतरलेल्या प्रवाशांनी सांगितले. भाविक पायी गेले. जीप ट्रॅक्टरला बांधून शिनोलीला आणली. हंगाम गेला आणि पुढच्या हंगामापर्यंत जीप उभी राहते की काय, असे झाले.

जीपची ही हकिकत मला मंगळवारी कळली. मी मंचरला गेलो तेव्हा बारा वाजून शेठचे मौन सुटलेले होते. भिंतीवर माझी चौदा ओळींची बातमी चिकटवलेली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही बोट दाखवले नाही. मी निघताना एवढेच म्हणाले, "संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मोकळे असाल तर मला शिनोलीला नेता का? मला गाडी चालवता येत नाही." दोन तालुक्यांतल्या सगळ्या इंजिनांची नाडी जाणणाऱ्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती, हे मला त्या दिवशी समजले.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे संवत्सरीचा उपवास करून, दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचे पाणी पिऊन शेठ माझ्या मागे बसले. जाण्याआधी त्यांनी माझ्या गाडीची पट्टी बघितली. गणपती बसून एक दिवस झाला होता. रस्त्याने आरत्या ऐकू येत होत्या, पाऊस उघडलेला होता. नामदेवच्या घरासमोर जीप झाकण उघडे टाकून उभी होती आणि मडगार्डवर कोंबडी बसली होती. ओसरीवर गणपती. नामदेव बाहेर आला, शेठना बघून गडबडला. "आवो शेठ, तुमी कशाला आला? म्या आलो असतो की."

शेठनी हात जोडले. त्यांच्या समाजात त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. घरोघर जातात, म्हणायचे म्हणून म्हणतात आणि मिठाई खातात. शेठ तसे म्हणाले नाहीत. "मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर तुमचं इंजिन गेलं नसतं. माझं मौन राह्यलं, तुमचं इंजिन गेलं. हे पाप माझं."

नामदेवने त्यांचे हात धरले. "तुमचं काय पाप व्हय त्यात? म्याच हपापलो. पेपरात आलं व्हतं ना." त्याने खिशातून कात्रण काढले. चार घड्या पडून ते फाटायला आले होते. "एकदा भरा आन् इसरा म्हनं. इसरलो. रोज बघायचो, नेमका तवाच इसरलो. ह्या पेपरवाल्याला येकदा गाठायचंय मला."

नामदेवने मला यापूर्वी घोडेगावच्या चहाच्या टपरीवर दोन-चारदा पाहिले होते; मी काय करतो ते त्याला माहीत नव्हते. शेठ पटकन म्हणाले, "बातमीत खोटं नव्हतं. त्या माणसानं जे सांगितलं ते लिवलं. जुन्या गाडीचं त्यात न्हवतं, एवढंच."

शेठनी मला वाचवले होते. निघून जाता आले असते. नामदेवची बायको चहा घेऊन आली होती आणि शेठनी तिला हळूच सांगितले होते की आपल्याला फक्त उकळलेले पाणी चालेल. माझ्या पुढ्यातल्या चहाच्या कपाकडे बघत मी म्हणालो, "ती बातमी माझी आहे."

कोंबडी खाली उतरली. नामदेवने माझ्याकडे, मग शेठकडे, मग कात्रणाकडे पाहिले.

"तुमी बघितलं व्हतं का?" त्याने विचारले. "एकदा भरून इसरलेली गाडी? चालल्याली?"

"नाही."

"मंग?"

"ऐकलं होतं."

शेठ खाली बघत होते. नामदेवची बायको म्हणाली, "चा घ्या आधी, निवतोय. पेपरवाल्याला गाठायचं व्हतं ना, गाठलंत. आता काय मारताय का त्याला, सणाच्या दिवशी?" नामदेव हसला नाही, पण कात्रण त्याने माझ्या हातात दिले. "ठेवा तुमच्याकडं," म्हणाला. "आमाला आता पाठ झालंय."

पुढचे पाच आठवडे शेठनी दुकान दुपारी बंद ठेवले. मंचरचा मिस्त्री, नवे सील, रिंगा, पिस्टन आणि स्वतः शेठ, असे सगळे रोज शिनोलीला जात. नेण्याआणण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मला कोणी सांगितलेले नव्हते. शेठ जीपशेजारी खुर्ची टाकून बसत. मिस्त्री एकेक भाग डिझेलने धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडत असे आणि शेठ भिंगातून बघत. पहिल्या दिवशी मिस्त्री वैतागून म्हणाला, "शेठ, इंजिन हाय, सोनं न्हवं." शेठ म्हणाले, "सोनं बसलं तर कुणाचं घर बसत नाही." सूर्य डोंगराआड गेला की काम बंद. दसऱ्याच्या सकाळी जीपला झेंडूचे तोरण बांधले, साधे ऑइल फडक्यातून गाळून भरले आणि नामदेवने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. नामदेवची बायको ओसरीवर उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. शेठनी डोळे मिटून दोन मिनिटे आवाज ऐकला, मग इंजिन बंद करायला लावले, पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली आणि नामदेवच्या हातात दिली. "रोज," ते म्हणाले. नामदेव म्हणाला, "रोज."

माझ्या दैनिकात मी खुलासा पाठवला. तो सहाव्या पानावर चार ओळींत आला. शेठनी तो कापून मूळ बातमीच्या शेजारी चिकटवला. चौदा ओळी आणि चार ओळी. पुढे कधी कोणी त्यांच्याशी पेपरबद्दल वाद घालू लागले की ते भिंतीकडे बघत आणि काही बोलत नसत. मला त्या भिंतीचा राग कधी आला नाही. नंतरच्या वर्षांत मी डेस्कवर गेलो, पुण्याला बदली झाली, हाताखाली तरुण मुले आली. कुणाचीही बातमी हातात आली की मी पहिला प्रश्न तोच विचारत असे. माझ्या नावावर एकही मोठी चूक जमा झाली नाही, असे निवृत्तीच्या समारंभात सांगितले गेले. ज्या माणसामुळे हे झाले तो समारंभाला नव्हता, आणि त्याचे नाव घेतले असते तर सभागृहातल्या कोणालाही समजले नसते.

शेठ आता नाहीत. त्यांना मी शेवटचा भेटलो ती दोन हजारच्या दशकातली अखेरची वर्षे असतील. मी छोटी मोटार घेतली होती. मंचरला थांबलो तेव्हा दुकान होते, डबे अधिक चकचकीत झाले होते, धोतर तसेच पांढरे होते. फक्त शेठच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. माझा आवाज त्यांनी ओळखला. "पेपरवाले," म्हणाले, "गाडी बदलली वाटतं. आवाज नवा हाय. सिंथेटिक?"

"हो. कंपनीनेच सांगितलंय."

"चांगलंच हाय ते. नव्या इंजिनाला तेच पायजे." ते चाचपडत मोटारीपर्यंत आले, पट्टी शोधून काढली, टोक बोटांच्या चिमटीत धरून चोळले, वास घेतला. मग मला कुंडल्यांची वही काढायला लावली. 'पेपरवाले' या नावाखाली माझ्या मोटारसायकलचे थेंब एकाखाली एक होते. सुरुवातीचे काळेकुट्ट, मग हळूहळू स्वच्छ होत गेलेले. त्यांच्या खाली टिपकागदावर कोऱ्या उरलेल्या जागी त्यांनी पट्टी टेकवली. नेम थोडा चुकला. थेंब पसरेपर्यंत आम्ही दहा मिनिटे थांबलो.

"कसा हाय?" त्यांनी विचारले. "मला दिसत नाही. तुमी बघून सांगा."

मी पेपरसाठी लिहिताना जसे बघायला शिकलो होतो तसे बघितले. मधला ठिपका फिकट तपकिरी, भोवतीचे वर्तुळ एकसारखे, कड स्वच्छ, मातीचा कण नाही. हेच आणि एवढेच सांगितले.

"तुमी बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "माझंही बघून झालं."